हेड उघडू देऊ नकोस

अलिबाग
रविवार, रात्री

प्रिय विज्या,

परवा बोटीचं इंजिन तापतंय म्हणून सांगत होतास आणि तुझा फोन मध्येच तुटला. व्हॉट्सॲपवर एवढं टाइप करायला माझा अंगठा राजी नाही, म्हणून सरळ पत्रच लिहितोय. आधी मुद्द्याचं सांगतो: त्या मिस्त्रीला इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडू देऊ नकोस. माणूस हुशार असेल, पण त्याचा हात ट्रकवर बसलाय, आणि ट्रकला समुद्राचं पाणी प्यावं लागत नाही. बोटीवरचं डिझेल तापतं तेव्हा दुखणं बहुतेक वेळा खाऱ्या पाण्याच्या वाटेवर असतं. ती सगळी वाट तू स्वतः तपासू शकतोस, आणि खर्च हेडच्या मानाने चिल्लर.

तू एक गोष्ट बोलता बोलता सांगून गेलास, ती सगळ्यात कामाची आहे. मांडवी नदीत नांगरावर इंजिन तासभर चालू ठेवलं तरी काही होत नाही, आणि २,६०० आरपीएमवर नेलं की थोड्या वेळात तापल्याचा भोंगा वाजतो. पाणी अजिबात येत नसतं, तर नांगरावरही बोंब झाली असती. म्हणजे पाणी येतंय, पण पुरेसं येत नाही. नाहीतर इंजिनावर ओझं जास्त पडतंय. हेडखालचं गॅस्केट गेलं असतं तर टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होत गेलं असतं, थंड इंजिन चालू करून टाकीचं झाकण उघडलं की आत बुडबुडे दिसले असते, तेल दुधाळ झालं असतं. यातलं काही तू सांगितलं नाहीस.

तुझं यानमार २जीएम२०एफ. दोन सिलिंडर, १८ हॉर्सपॉवर. त्यातला शेवटचा ‘एफ’ महत्त्वाचा, कारण त्यात दोन पाणी असतात. आत कूलंट फिरतं, त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापलं की उघडणारी झडप, ७१ अंशांना उघडायला लागतो. बाहेरून समुद्राचं पाणी सीकॉकमधून (बोटीच्या तळातल्या कॉकमधून) गाळणीत, तिथून रबरी इम्पेलरच्या (पाकळ्यांच्या चाकाच्या) पंपात, मग कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून एक्झॉस्टच्या एल्बोत (वाकड्या नळात) जातं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. ‘एफ’ नसलेल्या इंजिनात समुद्राचं पाणीच थेट ब्लॉकमध्ये खेळतं. तिथे थर्मोस्टॅट ४२ अंशांचा, कारण जास्त तापलं की क्षार आत चिकटतात. आपला समुद्र मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असतो, तेव्हा त्या इंजिनांची काय अवस्था होत असेल बघ. तू त्यातून सुटलास.

तुझ्या पॅनलवर तापमानाचा काटा नाही, नुसता दिवा आणि भोंगा. त्यामुळे इंजिन खरंच तापतंय की सेन्सर खोटं बोलतोय, हे आधी ठरव. लांबून तापमान दाखवणारं पिस्तूल बाजारात मिळतं, ते घे. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटव आणि पिस्तूल त्यावर धर. चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवतं. तो आकडा ७५ ते ८५ मध्ये असताना भोंगा वाजला, तर सेन्सर बदल आणि पुढचं पत्र वाचू नकोस.

आकडा खरंच ९५ च्या पुढे जात असेल, तर पाण्याच्या मागे मागे जायचं, समुद्राकडून. सीकॉक बंद कर, त्यावरचा होस काढ, मग सीकॉक क्षणभर उघड. निमुळतं लाकडी बूच हातात असू दे. पाणी जोरात उसळलं पाहिजे. नुसतं झिरपलं तर तोंडाशी बार्नॅकल्स (चिकटून बसणारे कवचवाले जीव) बसलीत किंवा प्लास्टिकची पिशवी चिकटलीय. पावसाळाभर पाण्यात राहिलेल्या बोटीला बार्नॅकल्स ठरलेलीच, आणि मांडवीत पिशव्यांना तोटा नाही. पाणी जोरात आलं तर गाळणी साफ कर आणि झाकणाची रबरी रिंग नीट बघ. रिंग कडक झाली असेल तर पंप तिथून हवा ओढतो, पाणी कमी उचलतो, आणि बाहेर कुठे थेंबसुद्धा दिसत नाही. याने भल्याभल्यांना फिरवलंय.

आता इम्पेलर. पंप अशा जागी आहे की तिथे हात पोचतो, नजर पोचत नाही. खाली जुना टॉवेल अंथर, नाहीतर झाकणाचा पहिलाच स्क्रू बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी, जाईल आणि सगळी दुपार चुंबकाने तळ चाचपण्यात जाईल. स्क्रू पितळी असल्याने चुंबकाला तो लागायचाही नाही. इम्पेलर काढलास की प्रत्येक पाकळी मुळाशी वाकवून बघ. बारीक चीर दिसली तरी तो गेला. बोट बराच काळ बंद असली की पाकळ्या वाकलेल्या तशाच ताठरतात. एखादी पाकळी गायब असेल तर ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. ती पुढच्या नळीच्या वळणावर किंवा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसलेली असते. पाकळ्या सगळ्या शाबूत असल्या तरी रबर पितळी गाभ्यावरून सुटलंय का बघ. गाभा पक्कडीत धरून रबर पिळ. तिथे घसरत असेल तर सावकाश चालताना पाणी येतं आणि वेग वाढवला की पंप हात टेकतो. तुझी तक्रार हुबेहूब अशीच आहे. नवा बसवताना पाकळ्यांना थोडं ग्लिसरीन लाव.

इथेही नाही सापडलं तर एक्स्चेंजर. टोकाची झाकणं काढून नळ्यांच्या जुडग्यातून बांबूची बारीक काडी फिरव आणि मग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजत ठेव. मिस्त्री म्हणेल, बाथरूम धुवायचं ॲसिड ओता, पाच मिनिटांत चकाचक. ओतू देऊ नकोस, धातूच खाऊन टाकतं.

माझा स्वतःचा संशय मात्र एल्बोवर आहे. गेल्या मोसमात खांदेरीच्या बाहेर वारा पडला आणि आमच्या बोटीला हीच कुरबुर सुरू झाली. धूर काळा, आरपीएम २,८०० च्या वर जाईना, मागून पाण्याबरोबर वाफ. मांडव्याला येऊन एल्बो उतरवला. त्यात काजळी आणि मीठ मिळून आजीच्या बंबातल्या खपलीसारखा थर धरला होता, इतका जाड की मधून जेमतेम पेन्सिल गेली असती. खरवडून परत लावायचा विचार होता, पण खरवडताना एका जागी ओतीव लोखंड कागदाएवढं उरलेलं दिसलं. स्टेनलेसचा नवा घेतला. तुझा एल्बो मूळचाच असेल तर तो काढून बघच, बाकी सगळं ठीक निघालं तरी.

आणि होडीचा तळ? पंख्यावर (प्रोपेलरवर) बार्नॅकल्स असतील किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळला असेल, तर इंजिन दुप्पट राबतं आणि तापतं, कूलिंगमध्ये काही दोष नसतानाही. ओहोटीला उथळ जागी ती टेकली की एकदा पाण्यात उतरून हाताने चाचपून घे. ग्लोव्हज घाल, कालवं कापतात.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहितोय, कारण तू दिवाळीनंतर बोट इकडे मांडव्याला आणायची म्हणतोस. पणजीहून इथपर्यंत दोनशेहून जास्त सागरी मैल, आणि दुपारी वायव्येचा वारा थेट तोंडावर. त्या मोसमात उत्तरेला यायचं म्हणजे पहाटे मतलई वाऱ्यावर किंवा वारा नसेल तेव्हा इंजिनावर मैल काढायचे आणि दुपारपर्यंत विजयदुर्ग, जयगडसारख्या आडोशाला शिरायचं. म्हणजे हे इंजिन रोज तासन्‌तास राबणार. नांगरावर तासभर चालतं, या भरवशावर निघू नकोस. आधी आग्वादच्या बाहेर दोन-तीन तास २,६०० वर चालवून बघ, पिस्तुलाचे आकडे लिहून ठेव आणि मला पाठव.

वाटेत भोंगा वाजलाच, तर आधी मागे वाकून एक्झॉस्ट बघ. पाणी येत असेल तर वेग उतरव आणि थोडा वेळ रिकामं चालू दे. पाणी येत नसेल तर लगेच बंद कर, नाहीतर एक्झॉस्टचा रबरी होस जळेल. मग शीड उभारायचं किंवा नांगर टाकायचा, आणि पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर. गरम टाकीचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

दोन इम्पेलर, गॅस्केट आणि पट्टा बरोबर ठेव. पंपाच्या पट्टीवरचा नंबर कळवलास तर मी मुंबईहून आणून कुरियर करतो. एल्बोसुद्धा बघतो. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना म्हणावं, बोटीवर इतक्यात यायची घाई करू नका.

तुझा,
बाळ्या

ता. क. एवढी उघडझाक केल्यावर डिझेलमध्ये हवा शिरून इंजिन पटकन धरणार नाही, तेव्हा स्टार्टर मारत बसशील. त्या वेळी सीकॉक बंद ठेव. पंप पाणी ढकलत राहतो, एक्झॉस्टला ते बाहेर फेकायला जोर नसतो, मग मफलर भरून पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं, आणि मिस्त्रीला हेड उघडायला खरंच बोलवावं लागतं. इंजिनाने धरलं की त्याच क्षणी सीकॉक उघड. विसरू नये म्हणून किल्ली सीकॉकच्या दांडीलाच अडकवून ठेव.