मोहरी नाकापर्यंत गेली पाहिजे

दांडिया बाजार, बडोदे
१८ जानेवारी

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन झाला आणि तुझं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. "रोज वाडगाभर कच्ची भाजी खा म्हणून सांगितलंय, पण गवत चावल्यासारखं वाटतं रे." ड्रेसिंगची बाटली विकत आणलीस, तीही गोडमिट्ट निघाली. मी नुसतं हं हं करत होतो, कारण शेजारी आई बसली होती. फोन ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "त्याला मोहरी फेसायला शिकव." म्हणून हे पत्र. ओट्यावर ठेवून वाचत वाचत कर.

विद्यापीठातून येताना तू आमच्याकडे सायकल लावायचास आणि थंडीच्या दिवसांत पानात डाव्या बाजूला ती पिवळसर कोशिंबीर असायची, आठवतं? पहिल्याच घासाला तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी तू पुन्हा वाढून घ्यायचास. बाटलीत जे शोधत होतास ते तेच होतं, बंडू. तेल, आंबट, मीठ, किंचित गोड आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी मोहरी. त्याला आपल्या घरात कुणी ड्रेसिंग म्हणालं नाही एवढंच.

आईचा उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. खलबत्ता तिला आता उचलवत नाही. ती दारापाशी खुर्चीत बसते, सांगते, आणि मी करतो. इतकी वर्षं मी तिच्या हातचं नुसतं खाल्लं. ती काय करते हे एकदाही नीट पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यामुळे आता ती सांगते ते मी वहीत लिहून ठेवतो.

आधी मोहरी. दोन माणसांना एक चहाचा चमचा पुरे. दोन चमचे गार पाण्यात दहा मिनिटं भिजू दे, मग चिमूटभर मीठ घालून खलात वाट. पाणी गारच हवं. पहिल्या वेळी थंडी होती म्हणून मी कोमट, खरं तर चांगलंच गरम पाणी घातलं. मोहरी वाटली गेली, पण कडवट आणि निर्जीव. आईनं खुर्चीतूनच वास घेतला आणि म्हणाली, "मेली ती. दुसरी घे." नंतर मी कारण शोधलं. अख्ख्या दाण्यात झणका नसतोच. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि तेव्हा तो तयार होतो. उष्णतेनं ते विकर मरतं. म्हणून तर फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. लिंबूही सुरुवातीलाच पिळू नकोस. आंबटानं तेच काम मंदावतं. वाटताना फेस येऊ लागला, रंग उजळला आणि खलावर वाकल्यावर डोळे चुरचुरले, की मोहरी फेसली.

आता त्यात एका लिंबाचा रस आणि अर्धा चमचा साखर किंवा मध. मग तेल. पाश्चात्त्य पाककृतींत आंबट एक वाटा तर तेल तीन वाटे धरतात. मी लिंबाच्या दुप्पटच घालतो, कारण भाजीला आंबटपणा पुढे लागलेला मला आवडतो. तेल घाण्याचं शेंगदाण्याचं घे. आमच्याकडे ते सिंगतेल म्हणून कुठेही मिळतं, तिकडे घाण्यावर मिळेल. थेंब थेंब सोडायचं आणि एकीकडे घोटत राहायचं. मोहरीच्या सालीत एक बुळबुळीत अंश असतो, तो तेल आणि रस यांना वेगळं होऊ देत नाही. दोन मिनिटांत दाट, दुधाळ पिवळं होतं. हे होताना बघायला मला अजून रोज आनंद होतो.

तेलाला घाबरू नकोस. तू फोनवर "तेल जवळजवळ बंदच" म्हणालास, म्हणून मुद्दाम लिहितो. गाजराचा नारिंगी रंग ज्यामुळे असतो ते कॅरोटीन स्निग्धातच विरघळतं. थोडं तेल बरोबर असलं तर अंगी लागतं. माणशी एक मोठा चमचा, त्याहून जास्त नको. तरी तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारून घे.

भाजी आणायला मी सकाळी खंडेराव मार्केटला जातो. सयाजीरावांनी १९०६ साली बांधलेली ती इमारत आपण किती वेळा ओलांडली असेल, वर मान करून पाहिलं नाही. उत्तरायण नुकती झाली आहे, झाडांवर मांजा अजून लोंबतोय, आणि बाजारात या दिवसांत जे येतं त्याला तोड नाही: लाल गाजरं, पाल्यासकट मुळे, हिरवा लसूण, तुरीच्या शेंगा, आणि लीली हळदर, म्हणजे ओली हळद. ओल्या हळदीच्या दोन-तीन पातळ काड्या तरी घालच.

भाजी धुवायची वाहत्या पाण्याखाली, आणि मग कोरडी करायची. लोक इथेच चुकतात. पाल्याला पाणी राहिलं तर ड्रेसिंग त्यावरून घसरून तळाशी जातं. मुळ्याचा कोवळा पाला सुती पंच्यात बांधून गच्चीत गरागरा फिरवायचा. हे काम तुझ्याकडे असायचं, आणि शेजारच्या काकूंच्या वाळवणावर तुषार उडाले म्हणून त्या रागवायच्या!

गाजर किसू नकोस, पातळ काप. किसलं की पाणी सुटतं. काकडीचं टोक आधी चाखून बघ, कडवटपणा देठाकडे जास्त असतो. कांदा तिखट असेल तर कापून दहा मिनिटं गार पाण्यात. बीट घेतलंस तर वेगळं ठेव, नाहीतर सगळं एकाच रंगाचं होईल. मीठ अगदी वाढताना, कारण ते भाजीतलं पाणी ओढून काढतं आणि पंधरा मिनिटांत वाडग्यात डबकं साचतं. ड्रेसिंगही तेव्हाच, आणि हातानं कालव. चमच्यानं पानं चुरगळतात.

वरून दाण्याचं भरड कूट, कोथिंबीर. कोवळे तुरीचे दाणे मिळाले तर मूठभर वाफवून.

उरलेलं ड्रेसिंग काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. तेल थंडीनं गढूळ होईल. बाहेर काढून हलव. कच्चा लसूण घातला असलास तर मात्र ठेवू नकोस, त्याच दिवशी संपव. मोहरीचा झणका दुसऱ्या दिवशी उतरतोच, म्हणून मी थोडंच करतो.

काल आईला मी पहिल्यांदा डाव्या हातानं लिंबू पिळताना पाहिलं. निम्मा रस बाहेर सांडला. मी पुढे झालो तर म्हणाली, "राहू दे, जमेल." आज निम्म्याहून जास्त रस वाटीत पडला.

रविवारी सकाळी करून बघ. ताट वाढून झालं की फोन कर, आई वाट बघेल. मोहरी नाकापर्यंत गेली की नाही, एवढंच तिला विचारायचं आहे.

तुझाच,
दादू