पिशवी रिकामी दिसली तरी

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एकच विचारत होतास, "स्नेहलची प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आहे, मग सोनोग्राफीत काहीच का नाही?" रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले.

शेवटच्या पाळीपासून जेमतेम पाच आठवडे झालेत. कदाचित दिवस फार लवकरचे असतील. कदाचित गर्भ टिकला नसेल. किंवा तो गर्भपिशवीबाहेर, बहुधा बीजवाहक नळीत, रुजला असेल. यातलं कुठलं, ते आज डॉक्टरबाईंनाही सांगता येणार नाही. म्हणून तर 48 तासांनी पुन्हा बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी, करायला सांगितलंय. रक्त त्याच लॅबमध्ये द्या, लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत. आकडा लहान असताना चांगल्या गर्भात तो दोन दिवसांत साधारण दीडपट तरी होतो. पण वाढला म्हणून निर्धास्त होऊ नका, नळीतल्या गर्भाचाही कधीकधी तसाच वाढतो. पिशवीत गर्भ दिसेपर्यंत सोनोग्राफीच्या तारखा चुकवायच्या नाहीत.

तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या आधी मला दिवस राहिले होते. थोडे डाग दिसत होते, पोट एका बाजूला दुखत होतं, आणि एका दुपारी उजवा खांदा ठणकायला लागला. जाऊबाईंनी बाम चोळला. अर्ध्या तासात मी मोरीत कोसळले. डावी नळी फुटली होती, पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो हे मला नंतर कळलं. नळी काढावी लागली. दोन वर्षांनी तू झालास, उरलेल्या एका नळीवर.

म्हणून स्नेहलला एकटी ठेवू नकोस. पोटात कळ, खांदा दुखणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ दवाखाना गाठ. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, अँटी-डी, म्हणजे निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला पुढच्या गर्भाच्या काळजीपोटी देतात ते इंजेक्शन, लागेल का ते त्या बघतील. मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणारं, इंजेक्शन सुचवलं तर "गर्भ पिशवीत नाही हे नक्की झालंय का?" एवढं विचार, कारण चांगला गर्भही त्याने जातो. नक्की असेल तर मात्र मागेपुढे पाहू नका.

पपई खाल्ली म्हणून झालं, असं म्हणत ती रडत होती ना? पपईचा यात काडीचाही संबंध नाही. माझं नाव घेऊन सांग तिला. मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येतेय.

तुझी,
आई