सॉरोरिटीत जाऊ का, विचारतेस म्हणून

प्रिय चिऊ,

ऑस्टिनला कॉलेजात गेल्यावर सॉरोरिटीत, म्हणजे जिथे सभासद एकमेकींना बहिणी मानतात अशा मुलींच्या संघटनेत, जाऊ का आणि पुढे नोकरीसाठी तिचा उपयोग होतो का, असं तू विचारलंस. बाबा म्हणाले, "तूच सांग, बहिणी तुझ्या आहेत." फोनवर हे बोलणं अर्धवट राहील, म्हणून लिहिते.

नोकरीचं आधी, कारण ते थोडक्यात आहे. मी 1999 साली ह्यूस्टन विद्यापीठात गेले तेव्हा आपल्यासारख्या भारतीय वंशाच्या मुलींच्या सॉरोरिटी जेमतेम वर्षाच्या होत्या. 1998च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन निघाल्या होत्या: ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्कमध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो. त्यामुळे मोठ्या कंपनीत बसून आमच्यासाठी शब्द टाकणारी एकही ताई आमच्या पुढे नव्हती. त्यात डिसेंबर 2001 मध्ये ह्यूस्टनची एन्रॉन ही बडी ऊर्जा कंपनी हिशेबातल्या घोटाळ्याने बुडाली, पाठोपाठ तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन गेली, आणि आम्ही अकाउंटिंग शिकणाऱ्या! जिथे अर्ज करायचे तीच दारं बंद झाली. सीपीएची, म्हणजे इथल्या सीएची, परीक्षा तेव्हा कागद-पेन्सिलीवर असायची, चारही पेपर दोन दिवसांत. रात्री जेवणं आटोपली की आम्ही सॉरोरिटीतल्या मुली एकीच्या घरी बसायचो. एकीने प्रश्न वाचायचा, दुसरीने उत्तर द्यायचं, तिसरीने ते का चुकलं ते पटवायचं. नोव्हेंबर 2003 ला, कागदावरच्या अगदी शेवटच्या परीक्षेला, आम्ही एकत्र बसलो. माझं करिअर उभं राहिलं ते या बैठकांवर, कुणाच्या वशिल्यावर नाही.

या संस्था मुळात अशाच निघाल्या आहेत, हे तू जाण्यापूर्वी तुला माहीत असावं. इंडियानातल्या ॲस्बरी विद्यापीठाने, म्हणजे आताच्या डीपॉने, 1867 साली मुलींना दार उघडलं. तिथल्या बेटी लॉकला मुलांच्या एका फ्रॅटर्निटीने (मुलांची अशीच संघटना) आपला बिल्ला देऊ केला, पण सभासदत्व द्यायची तयारी नव्हती. तिने बिल्ला नाकारला आणि जानेवारी 1870 मध्ये चौघींनी मिळून कप्पा अल्फा थीटा काढली. हॉवर्ड विद्यापीठातल्या 22 काळ्या मुलींनी जानेवारी 1913 मध्ये डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली आणि 3 मार्चला त्या वॉशिंग्टनच्या रस्त्यावर स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालत होत्या. दोन महिन्यांची संस्था! मला हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

आणि मानलेल्या नात्याचं म्हणशील, तर आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी आठव. 1883 साली त्या शिकायला अमेरिकेत आल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या भरवशावर. ओळख काय, तर पत्रांची. आनंदीबाई त्यांना मावशी मानायच्या. 1887 मध्ये पुण्यात आनंदीबाई गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा गोपाळरावांनी या मावशीकडे पाठवली. ती आजही न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला, दफनभूमीतल्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे.

आता मला खरं सांगायचंय ते. मैत्रिणी आपण निवडतो. या बहिणी निवडता येत नाहीत. आपल्याकडच्या भावकीसारखंच आहे, पटो न पटो, पंगतीला शेजारी बसावंच लागतं. दर आठवड्याला मीटिंग, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त, वर्गणीचा हिशेब, उशीर झाला तर दंड. तुझी ट्रकवाली मावशी आमची खजिनदार होती. हैदराबादच्या घरातली, बोलायला तिखट, एका डॉलरचाही हिशेब न सोडणारी. आमचं कधीच पटलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या खर्चावरून आम्ही अख्खं एक सत्र भांडलो, पण मीटिंग दोघींनीही चुकवली नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी चक्रीवादळ आलं तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, तुला पाणी आठवत असेल. पाणी ओसरल्यानंतरचं तुला आम्ही दाखवलं नाही. तुला आजीकडे ठेवलं होतं. घरात पाय ठेवला तर गालिचातून बुळबुळीत चिखल वर यायचा आणि कुजकट वास नाकातून जाता जात नव्हता. भिंतींना बुरशी धरायच्या आत शीटरॉक, म्हणजे भिंतीचे जिप्समचे पत्रे, कापून काढायचं होतं आणि मजूर कुठेच मिळत नव्हते. ही बाई न बोलावता ट्रक घेऊन आली. जमिनीपासून चार फुटांवर तिने सगळ्या खोल्यांतून पेन्सिलीने रेघ मारली, कटर बाबांच्या हातात दिला आणि भिंतीच्या आतला ओला, पिवळा, उष्णतारोधक कापूस स्वतः उपसायला बसली. संध्याकाळी बाकीच्या तिघी मास्क, पिशव्या आणि खिचडी घेऊन हजर. इतकी वर्षं एकमेकींना कामं वाटून द्यायची सवय होती, त्यामुळे कुणी काय करायचं हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशीही माझं आणि तिचं कचरा कुठे टाकायचा यावरून वाजलंच.

बाकीचं तू पाहिलंच आहेस. दर वर्षी 15 एप्रिल, म्हणजे टॅक्स भरायची शेवटची तारीख, जवळ आला की मी ऑफिसात अडकायचे आणि तुला डे-केअरमधून कोणती ना कोणती मावशी आणायची. आजोबा गेले तेव्हा मला विमानतळावर सोडून तुझ्याजवळ कोण राहिलं, तेही तुला ठाऊक आहे.

म्हणून माझं उत्तर हो आहे, पण डोळे उघडे ठेवून. हेझिंगमुळे, म्हणजे नव्या सभासदांच्या छळामुळे, या देशात मुलं मेली आहेत, तिथे मी गंमत चालवून घेणार नाही. टेक्ससच्या कायद्याने विद्यापीठांना अशा प्रकरणांचा अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो अर्ज भरण्याआधी वाच, संस्थेचं नाव शोध. कुणी प्यायला लावलं, झोपू दिलं नाही, फोन काढून घेतला किंवा "घरी सांगायचं नाही" म्हणालं, की त्याच मिनिटाला उठून निघायचं आणि मला फोन करायचा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. माझ्याच संस्थेत गेलं पाहिजे असंही नाही. रशमध्ये, म्हणजे नव्या मुली निवडायच्या दिवसांत, सगळ्याच गोड बोलतात. त्यांना विचार, मागच्या वर्षी वर्गणी न परवडणाऱ्या मुलीचं तुम्ही काय केलंत? कोण उत्तर देतं आणि कोण विषय बदलतं ते बघ.

पहिल्या सत्राची वर्गणी मी भरीन, पुढची तू काम करून भर. सामान न्यायला शनिवारी ट्रकवाली मावशी येणार आहे. तिला नको म्हणू नकोस, आणि खोकी शुक्रवारी रात्रीच बांधून ठेव. तिला उशीर चालत नाही.

तुझी,
आई