निर्माता फक्त पैसे लावतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला व्यावसायिक रंगभूमीवरचा लेख वाचला. निर्माते धोका पत्करत नाहीत, चलती असलेलं नाव बघून पैसे लावतात, असा त्याचा एकूण सूर. तो काही माझ्या गळी उतरला नाही.

एका प्रयोगाचा जमाखर्च जरी लेखकाने पाहिला असता तरी हा सूर थोडा खाली आला असता. सिनेमा चालला की पडदे वाढतात. नाटक कितीही गाजलं तरी नाट्यगृहातल्या खुर्च्या तेवढ्याच. खर्च मात्र दर प्रयोगाला नव्याने सुरू होतो. कलाकारांची नाईट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), थिएटरचं भाडं, लेखकाचं मानधन, पडद्यामागच्या मंडळींचे पैसे, सेटचा टेम्पो, कलाकारांची बस आणि आपल्याच वर्तमानपत्रातली जाहिरात (तिचे दर आपल्याला मी सांगायला नकोत). एवढं भागवून काही उरलंच, तर त्यातून तालमी, नेपथ्य, कपडे, संगीत यांच्यावर आधीच झालेला खर्च फेडायचा. करोनानंतर ऑक्टोबर 2021मध्ये नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली. तिकिटं निम्मीच विकायची, पण टेम्पो काही निम्मा येत नाही. तरीही काही निर्मात्यांनी पडदा वर नेला. याला धोका म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

त्यात तारखांचं दुखणं आहेच. नट-नट्या आठवडाभर मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेले, प्रेक्षकही शनिवार-रविवारीच बाहेर पडणारा. मग दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पुण्याचं बालगंधर्व, जिथे तिथे रविवारच्या तारखेसाठी रस्सीखेच. लंडन-न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाट्यगृहांत एकच नाटक आठवड्याला साधारण आठ प्रयोग करतं आणि सेट तिथेच उभा असतो. आपल्याकडे एकाच रंगमंचावर सकाळी बालनाट्य, दुपारी एकाचं नाटक, रात्री दुसऱ्याचं. प्रत्येकाने सेट लावायचा, तिसऱ्या घंटेआधी प्रकाशयोजना जुळवायची आणि पडदा पडताच सगळं उतरवून पुढच्याला जागा करून द्यायची. नाटक लोकांच्या तोंडी येऊ लागावं आणि पुढची बरी तारीख तीन आठवड्यांनी मिळावी, असं होतं. तोवर बोलबाला ओसरलेला असतो.

नाटक काढण्यापेक्षा थांबवणं अवघड, हे तर या लेखात औषधालाही नाही. दहा-पंधरा प्रयोग झाले, परीक्षणं बरी आली, पण प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, उघडला की पहिल्या चार रांगांपुढे विक्री सरकत नाही. थांबवलं तर लेखक-दिग्दर्शक दुखावतात आणि झालेला खर्च पाण्यात. रेटलं तर दर रविवारी पदरचे पैसे घालायचे. काही नाटकं अशा रेटण्यातूनच उभी राहिली, काहींनी निर्मात्याला कर्जात घातलं. आधी कुणाला कळणार? एखाद्या बँकेने किंवा मंडळाने अख्खा प्रयोग विकत घेतला, तर तेवढ्यापुरता श्वास मिळतो.

आता नावं बघण्याबद्दल. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967मध्ये आलं, ते प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेतर्फे. पंडित वसंतराव देशपांडे यांचं गाणं आणि जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत म्हणजे आज हमखास यश वाटतं. पण रागदारीवर उभं असलेलं संगीत नाटक त्या काळी हमखास चालेल, असं छातीठोकपणे कोण म्हणालं असतं? मोहन वाघ तर मूळचे छायाचित्रकार. त्यांच्या ‘चंद्रलेखा’ने ‘ऑल द बेस्ट’ व्यावसायिक रंगमंचावर आणलं तेव्हा भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ही नावं तिकीटबारीला ठाऊक तरी होती का? सुधीर भट यांच्या ‘सुयोग’ने 1985मध्ये अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ पुन्हा उभी केली आणि विजय चव्हाण घरोघरी पोचले. नाव बघून पैसे लावण्याची ही उदाहरणं नव्हेत. इथे आधी पैसे लागले, नावं नंतर झाली.

लेखातली एक तक्रार मात्र मान्य. मालिकेतला चेहरा जाहिरातीत मोठा छापायचा आणि रंगमंचावर त्याचा आवाज पाचव्या रांगेपर्यंतही पोचू नये, असे प्रयोग मीही पैसे मोजून पाहिले आहेत. जुनं यशस्वी नाटक दोन विनोद बदलून पुन्हा आणायचं, हाही आता धंदाच झाला आहे. त्याबद्दल निर्मात्यांना जरूर धरा. पण त्यासाठी त्यांचं काम नेमकं काय असतं ते आधी छापा. आपल्या परीक्षणांत नेपथ्याला दोन ओळी, प्रकाशयोजनेला एक, आणि निर्मात्याचं नुसतं नाव, तेही शेवटी कंसात. त्याने ही संहिता का उचलली, तिकिटाचा दर काय ठेवला, मुंबई-पुण्याबाहेर किती प्रयोग लावले, हे विचारायला काय हरकत आहे? निर्माता गेल्यावर अर्धं पान द्यायचं आणि हयातीत एक मुलाखतही नाही, हे बरं नव्हे.

आणि आपल्या परीक्षकांना एक विनंती. शुभारंभाचा प्रयोग सगळेच बघतात, निमंत्रितांनी भरलेला. एखाद्या नाटकाचं परीक्षण पंचविसाव्या प्रयोगाला जाऊन, तेही सांगली किंवा नाशिकला, लिहून पाहावं. बदली कलाकार कसा उभा केला, घडीचा सेट छोट्या रंगमंचावर कसा बसवला आणि मागच्या रांगा भरल्या की नाही, हे तिथे दिसेल.

आपला,
एक नाट्यरसिक, मुलुंड