नोंद नाही, म्हणजे झालं नाही : एका मेस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. शिवाय तुम्ही मला जे दाखवलंत ते माझ्या एकटीच्या गाडीपुरतं नाही. बरीच चाललेली गाडी ज्यांच्या हातात नव्याने येते, त्या सगळ्यांना ते लागेल.

गाडी घेतली तेव्हा मीटरवर दोन लाखांना थोडेच किलोमीटर कमी होते. पेट्रोल इंजिन, पाच गियर, आवाज स्वच्छ, पिकअप चांगला. तुम्ही बॉनेट उघडून, रेस देऊन इंजिन ऐकाल असं मला वाटलं होतं. तुम्ही आधी कागद मागितलेत. होती नव्हती ती सगळी बिलं एकेक करून वाचलीत, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलीत आणि एका बाजूला ज्याचा पुरावा आहे ते, दुसऱ्या बाजूला ज्याचा नाही ते लिहीत गेलात. दुसरी बाजू भरतच गेली. मग म्हणालात, "ज्याची नोंद नाही ते झालेलंच नाही असं धरायचं. आधीचा मालक खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण इंजिनातल्या बेल्टला माणसाचा शब्द कळत नाही."

त्या वाक्याने माझं काम सोपं झालं. गाडीचं वय किती, मीटर खरा की फिरवलेला, आधी कुणी कशी चालवली, या प्रश्नांची खात्रीची उत्तरं मिळणार नव्हतीच. टायमिंग बेल्ट कधी बदलला, याचं उत्तर मात्र मी आज स्वतः लिहू शकत होते. आज बदलला, इतक्या किलोमीटरला. तिथून पुढचा हिशेब माझा.

सगळं एकदम करायला पैसा आणि वेळ कुणाकडेच नसतो, हेही तुम्ही ओळखून होतात. म्हणून त्या दुसऱ्या बाजूचे पुन्हा तीन भाग केलेत. काय निकामी झालं तर माणसाला इजा होईल? काय निकामी झालं तर इंजिनच जाईल? आणि काय निकामी झालं तर गाडी नुसती रस्त्यात उभी राहील? डॅशबोर्डची खडखड, दाराची करकर, कमी पडणारा एसी, हे सगळं त्यानंतर. गाडीच्या देखभालीच्या याद्या पुष्कळ वाचायला मिळतात, पण आधी काय आणि नंतर काय हे सांगणारा माणूस क्वचित भेटतो.

पहिल्या भागात ब्रेक. बाहेरून दिसणारा पॅड जाड होता, तरी तुम्ही चाक काढून आतला पॅड दाखवलात. तो जवळजवळ संपला होता. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या की कॅलिपर नीट सरकत नाही आणि एकाच बाजूचा पॅड झिजत राहतो. रिमच्या फटीतून डोकावणाऱ्याला ते कळणारच नाही. नुसते पॅड बदलून भागलं नसतं. तुम्ही पिना काढून साफ केल्यात आणि त्यांना रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस लावलंत.

ब्रेक ऑइलचं कारणही तुम्ही समजावलंत. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तोच निकष १५५ अंशांवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापले आणि पाइपात वाफ झाली की पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही, कारण वाफ दबते, ऑइल दबत नाही. म्हणून रंग कसाही दिसो, साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. ब्लीड करताना, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढताना, तुम्ही पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवलात. पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये, तो जुना असेल तर, रोजच्या वापरात सील जिथपर्यंत जातं त्याच्या पुढच्या भागात गंज आणि मळ साठलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं तर सील त्यावर घासून फाटू शकतं. एवढी काळजी घेणारे हात मी पहिल्यांदाच पाहिले.

टायरच्या नक्षीवर मी समाधानी होते. तुम्ही टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला सांगितलेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. स्टेपनी तर चारही टायरांपेक्षा जुनी निघाली. ती कधी वापरलीच नव्हती म्हणून नवी दिसत होती, एवढंच.

दुसऱ्या भागात तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवलात, आणि मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथेच. टायमिंग बेल्ट पिस्टनना जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना एका तालात ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. माझ्या गाडीसारख्या इंजिनात व्हॉल्व्ह खाली उतरतात आणि पिस्टन वर येतो ती जागा एकच असते, फक्त वेळा वेगळ्या. बेल्ट तुटला किंवा दोन-चार दात सरकला की वेळा चुकतात, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. हे सगळं क्षणात होतं आणि बहुतेक वेळा आधी कसलाही आवाज येत नाही. जुना बेल्ट काढून तुम्ही माझ्या हातात दिलात. वरून तो धडधाकट दिसत होता. तुम्ही म्हणालात, बघून कळत असतं तर कंपन्यांनी किलोमीटर आणि वर्षं छापली नसती. बऱ्याच इंजिनांत ही मर्यादा साधारण ९० हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, आणि जोडीला वर्षांचीही. जे आधी भरेल ते खरं. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतच बघायचा.

बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंपही बदलायला तुम्ही लावलंत. माझ्या गाडीत पंप त्याच बेल्टवर फिरतो. पंप उद्या गळला तर पुन्हा तेवढंच सगळं उघडावं लागणार, म्हणजे मजुरी दुप्पट. त्यातून जुन्या पुलीचं बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही तुटतो. बेल्टऐवजी चेन असलेल्यांनाही तुम्ही निश्चिंत राहू देत नाही, हे मी ऐकलं आहे. चेनला ठरलेली मुदत नसली तरी ऑइल वेळेवर बदललं नाही तर ती ढिली पडते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखडते.

इंजिन गार ठेवणाऱ्या या कूलंटच्या बाबतीत मला रंगाचा भरवसा वाटत होता. हिरवं होतं म्हणजे हिरवंच भरायचं. रंग हा काही प्रमाण नाही, निरनिराळे उत्पादक तोच रंग निरनिराळ्या मिश्रणांना देतात, हे तुमच्याकडून कळलं. पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच घ्यायचा, अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाला एक बार दाबाचं झाकण मिळालं की ते १२५ अंशांच्याही पुढे जाईपर्यंत उकळत नाही. पण झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि ही सगळी मर्यादा खाली येते. एवढ्याशा झाकणाकडे कोण बघतं? तुम्ही बघितलंत. कूलंटची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट आणि दोन्ही मोठे होजपाइपही त्याच वेळी बदललेत. होजपाइप बाहेरून टणक होता, पण क्लिपजवळ दाबला की मऊ लागत होता.

तेव्हाच सांगितलेली आणखी एक गोष्ट मी घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावली आहे. कूलंट गळून गेलं तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खालीही येऊ शकतो. म्हणून काटा अचानक पडला, हीटरमधून गार हवा यायला लागली, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

आता त्या ऑइल गळतीबद्दल. दुसऱ्या एका ठिकाणी मला क्रँकचं मागचं सील गेलंय, गियरबॉक्स उतरवावा लागेल, असं सांगितलं होतं. तुम्ही आधी इंजिन धुवून कोरडं केलंत, पीसीव्ही व्हॉल्व्ह बदललात आणि गाडी काही दिवस चालवून आणायला सांगितलंत. पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा गॅस पुन्हा इनटेककडे खेचून घेणारा हा छोटासा व्हॉल्व्ह. तो चोंदला की इंजिनात दाब साठतो आणि जिथे सील कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर पडतं. गाडी परत आणली तेव्हा ओघळ कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसलं. वरच्या कव्हरचं गॅस्केट मागच्या बाजूने झिरपत होतं आणि ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरून थेट गियरबॉक्सच्या जोडाशी ठिपकत होतं. गॅस्केट बदललं, गळती थांबली. गियरबॉक्स जागेवरच आहे. काका, त्या मोठ्या कामाचं बिल तुम्हाला सहज करता आलं असतं.

तुम्ही काय करू दिलं नाहीत, याचेही आभार मानायचे आहेत. इंजिन फ्लश, म्हणजे आतला गाळ रसायनाने धुणं, नको म्हणालात. इतक्या वर्षांचा साठलेला गाळ एकदम सुटला तर ऑइल खेचणारी जाळीच चोंदायची. त्यापेक्षा पुस्तिकेतल्या ग्रेडचं चांगलं ऑइल आणि फिल्टर, आणि पहिले एक-दोन बदल जरा लवकर. गाडी जुनी म्हणून आपल्या मनाने जाड ऑइल भरायचं नाही. सेन्सर अंदाजाने बदलायचे नाहीत. आधी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचा. आणि स्कॅनरवर एकही कोड नाही म्हणून खूश होण्याआधी गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का ते बघायचं. बऱ्याचशा अपूर्ण दिसल्या तर कुणीतरी नुकतेच कोड पुसले असतील, किंवा बॅटरी काढली असेल. जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

बाकीचं पटापट झालं. प्लग, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, गियर ऑइल. अल्टरनेटरच्या बेल्टवर भेगा नव्हत्या, पण आताच्या रबराला भेगा पडत नाहीत, खाचा झिजतात, म्हणून तुम्ही गेज लावून बघितलंत आणि बदलायचा ठरवलात. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवरचं एक रबरी आवरण (बूट) फाटायला आलं होतं. ग्रीस बाहेर पडून धूळ आत जायच्या आधीच ते बदललं, म्हणून अख्खा जॉइंट वाचला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र स्टँड लावल्याशिवाय एक क्षणही जाऊ दिलं नाहीत. मी फक्त हात लांबवून नट बघत होते, तरी ओरडलात. बरं केलंत.

ती वही मी चालवते आहे. दर हजार किलोमीटरला, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून थोडा वेळ गेला की डिपस्टिक बघते. ऑइल किती घटलं ते लिहिते. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना. बॅटरी सुरू इंजिनावर चौदा व्होल्टच्या आसपास दाखवते. पहिल्या दोन भागांतलं आता काहीच उरलेलं नाही. तिसऱ्या भागातले इंजिन माउंट आणि मागचे शॉकअप तेवढे बाकी आहेत, तेही तुमच्याच हातून करायचे आहेत.

आणि एक काम. माझ्या भावाने नुकतीच एक बरीच चाललेली ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे. त्याच्या पुस्तिकेत गियरबॉक्सचं ऑइल बदलायची मुदतच दिलेली नाही, आणि ते आधी कधी बदलल्याची नोंदही नाही. दाबाने फ्लश करू नकोस, काकांनी बघितल्याशिवाय हातच लावू नकोस, असं त्याला सांगितलं आहे. त्या गियरबॉक्सला डिपस्टिक नाही; ठरावीक तापमानाला प्लग उघडून पातळी बघावी लागते, म्हणून तापमान दाखवणारा स्कॅनर सोबत आणतो. त्याच्याकडची सगळी बिलं गोळा करून तारखांप्रमाणे लावली आहेत. तुम्हाला सवड असेल तो दिवस कळवा, दोघं येतो.

आपली कृतज्ञ,
दोन लाखांवरच्या गाडीची मालकीण