कोरांटी वाचवणाऱ्या माळीकाकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

कोरांटी यंदा फुलली. नुसती चार-दोन फुलं नव्हेत, कंपाउंडच्या भिंतीलगतची सगळी रांग पिवळीधमक झाली आहे. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी ताम्हन भरून फुलं काढली, लक्ष्मीला वाहिली आणि तेव्हाच ठरवलं की तुमचे आभार चारचौघांसमोर मानायचे. तोंडावर मानायला गेलं की तुम्ही "एमां शुं, बेन" (त्यात काय, ताई) म्हणता आणि सायकलवर टांग टाकून निघून जाता.

ही कोरांटी माझ्या सासूबाईंची. बडोद्यातलं दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही अकोट्याला तळमजल्यावर राहायला आलो, तेव्हा त्यांनी टेम्पोत पितळी भांड्यांच्याही आधी हिचा डबा चढवला होता. त्या गेल्यावर त्यांच्या हातचं जितंजागतं असं हे एकच उरलं. मग ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पूर आला आणि विश्वामित्री नदी सोसायटीत शिरली. तीन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. पाणी ओसरल्यावर खाली आले तर अंगणात गाळच गाळ, आणि कोरांटीची पानं काळी पडून काट्यांना चिकटलेली. ज्याने त्याने सांगितलं, उपटून टाका.

तुम्ही आला होतात शेजारच्या बंगल्यातला गाळ काढायला. आमची तुमची ओळखसुद्धा नव्हती. जाता जाता थांबलात, झाडाजवळ उकिडवे बसलात आणि एका फांदीची साल अंगठ्याच्या नखाने खरवडलीत. आत काळं. दुसरी खरवडलीत, तीही काळी. पार शेंड्याकडे गेल्यावर नखाखाली हिरवी रेघ उमटली, आणि तुम्ही हाक मारलीत, "बेन, आ तो जीवे छे."

तुमची उमर कमाटी बागेत गेली. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली केलेली ती बागही विश्वामित्रीच्याच काठची, त्यामुळे पुरात बुडालेली झाडं तुम्ही किती पाहिली असतील! पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. पण शेंड्यांत काही दिवस जीव असतो, तेवढ्यात फांद्या सोडवून घ्यायच्या, हे तुम्ही काम करता करताच सांगितलंत. वीत-वीत लांबीच्या अकरा फांद्या निघाल्या. प्रत्येकीचा काप पेराच्या जरा खाली, तिरका. खालची पानं आणि काटे काढून दोन पेरं मातीत. आपली इथली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून तुम्ही ती निम्मीच घेतलीत, बाकी रेती. वर ओलं गोणपाट, आणि रोज पाणी घालायचं नाही अशी ताकीद. मी आधीची दोन रोपं पाण्याच्या मायेनेच घालवली होती, त्यामुळे हे ऐकणं मला जड गेलं, पण ऐकलं. दिवाळीपर्यंत अकरातल्या सात फांद्यांना कोवळी पानं फुटली. त्या दिवाळीत किल्ला नव्हता, रंगरंगोटी नव्हती, भिंतींवर पाण्याची खूण तशीच होती. त्या सात डब्यांपुढे मात्र मी पणती लावली होती.

रोपं जमिनीत लावायची म्हटल्यावर सोसायटीत कुरकुर झाली. काट्याचं झाड, मुलांना लागेल. तुम्ही शांतपणे भिंतीलगतची जागा दाखवलीत: इथे मुलं खेळत नाहीत, ऊन दिवसभर आहे, आणि रस्त्यावरच्या बकऱ्या याला तोंड लावणार नाहीत. वाद तिथेच मिटला.

तुम्ही हिला कांटासेरियो म्हणता, हिंदीत ती वज्रदंती. माझी मुलगी इथेच सयाजीराव विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने सांगितलं की शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस, ते लिनिअसने १७५३ साली दिलं. बार्लेरिया हे बारेलिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आणि प्रायोनायटिस करवतीच्या ग्रीक शब्दावरून. अबोली हिच्याच कुळातली, हे ऐकून मला फार बरं वाटलं. सासूबाई गजऱ्यात दोन्ही एकत्र बांधायच्या.

आणि फुलं काढायची कशी, तेही तुम्हीच शिकवलंत. इतकी वर्षं मी फांदी धरून फूल खुडायचे आणि बोटं रक्ताळून घ्यायचे. काटे पानांच्या बेचक्यात असतात, तीन-चारांचा झुबका. फांदीला हातच लावायचा नाही. फूल वरून, पाकळ्यांच्या खाली दोन बोटांत धरायचं आणि सरळ वर ओढायचं. नळी अलगद सुटून येते, हिरवा काटेरी भाग झाडावरच राहतो. सकाळी सातच्या सुमाराला काढलं तर नळीच्या टोकाशी मधाचा बारीकसा थेंब चकाकतो. त्यासाठी शिंजीर येतो, काळसर निळा, फुलाशी लटकून चोच खुपसतो. त्याचा वाटा म्हणून वरच्या फांद्यांची फुलं मी आता काढत नाही.

फाल्गुनात बहर ओसरला की गुडघ्याइतकी छाटायची हे लक्षात आहे. सुकलेली बोंडं त्याआधीच काढते, नाहीतर ती तडकून बिया लांब उडतात आणि शेजाऱ्यांच्या वाफ्यात रोपं उगवतात.

त्या दिवशी तुम्ही एक रुपयाही घेतला नाहीत. चहा घेतलात, तोही उभ्याउभ्याच. यंदाच्या छाटणीतली दोन रोपं तुमच्या नावाने वेगळ्या डब्यांत लावणार आहे, माती-रेती तुम्ही सांगितलीत तशीच. मुळं धरली की निरोप पाठवते. त्या दिवशी सायकल आत आणून लावा आणि पुरणपोळी खाऊन जा.

तुमची,
तळमजल्यावरची बेन