टेरा सियाच्या खाडीतली मोरीची (शार्कची) पिल्लं

ती. बाबा आणि आईला नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही फ्लोरिडाच्या शार्कची बातमी सांगितलीत, रेवाला पाण्यात उतरू देऊ नकोस म्हणालात आणि नेमकी रेंज गेली. म्हणून हे सविस्तर लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं वाचून आईचे डोळे दुखतात, तर दादाकडून प्रिंट काढून घ्या.

तर हो, शार्क आहेत, आणि अगदी जवळ आहेत. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर टेरा सिया बे आहे, टँपा बेच्या दक्षिणेकडच्या टोकाला, बघितलीत तर तुम्हाला आपली कर्लीची खाडीच वाटेल, उथळ पाणी, कडेने कांदळ, तळाला गवत. तिथे मे-जूनमध्ये ब्लॅकटिप शार्कच्या माद्या पिल्लं घालायला येतात. ही जात आपल्याकडेही मिळते, पंखांची टोकं काळी असलेली मोरी, तुमच्या हातून कितीतरी गेल्या असतील. मादी 10-12 महिने पोटात वाढवते, बहुतेकदा चार-सहा पिल्लं होतात, साधारण दोन-दोन फुटांची, आणि घालून झाली की ती निघून जाते. दूध नाही, राखण नाही, मागे वळून बघणं नाही. आई, तुला हे ऐकून राग येणार मला माहितीय, पण त्या पिल्लांना वाढवते ती जागाच. पाणी एवढं कमी की त्यांना गिळणारे मोठे शार्क तिथे फारसे शिरत नाहीत. म्हणजे रेवाला धोका काय तर दोन फुटी पिल्लांचा, जी आपल्यालाच घाबरून पळतात. तरी मी तिला संध्याकाळी गढूळ पाण्यात सोडत नाही, एवढं तुमचं ऐकते.

सगळ्यांना वाटतं पिल्लं तिथे खायला मुबलक म्हणून राहतात, पण तसं नाही. जवळच सारासोटाला मोट मरीन लॅब आहे, तिथल्या संशोधकांनी 1999 पासून काही वर्षं या खाडीतल्या पिल्लांच्या पोटात आवाज सोडणारे छोटे टॅग बसवले आणि पाण्याखाली ठिकठिकाणी तो आवाज टिपणारी यंत्रं ठेवली. जिथे खाणं जास्त तिथे पिल्लं जास्त, असं काही दिसलं नाही, म्हणजे खाण्यापेक्षा जीव वाचवणं महत्त्वाचं असावं. आणि एवढं करूनही पहिल्या काही महिन्यांतच अर्ध्याहून जास्त मरतात, काही मोठ्या माशांच्या पोटात, काही गळाला लागून. हवाईच्या कानेओहे बेमध्ये हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कची पिल्लं असतात, तिथे तर कितीतरी उपाशीच मरतात म्हणे, तरी माद्या दरवर्षी तिथेच येतात.

बाबा, तुम्हाला आवडेल ती गोष्ट आता सांगते. सप्टेंबर 2001 मध्ये गॅब्रिएल नावाचं वादळ इथे आलं. तेव्हा ट्रॅकिंगवर असलेली ही पिल्लं वादळ पोचायच्या आधीच खाडीतून बाहेर खोल पाण्यात गेली आणि वादळ सरल्यावर परत आली. हवेचा दाब उतरायला लागला तो त्यांना कळला. काही महिन्यांची पोरं ती, वादळ कधी बघितलेलं नाही, शिकवायला आई नाही. तुमचे ते आभाळ बघून होडी वर ओढणारे तांडेल सुद्धा तीस वर्षांनी शिकले ना हे.

थंडी सुरू झाली की नोव्हेंबरच्या आसपास ही पिल्लं दक्षिणेला जातात आणि वसंतात बरीचशी परत येतात. बहामात बिमिनी बेट आहे तिथल्या लेमन शार्कचं तर याहून पुढचं, 90 च्या दशकात पिल्लं असताना टॅग लावलेल्या काही माद्या पंधराएक वर्षांनी त्याच बेटावर बाळंतपणाला आल्या. माहेरीच यायचं, एवढं पक्कं डोक्यात.

म्हणून मला इथल्या लोकांचा राग येतो, शार्क पकडू नका असे बोर्ड लावतात आणि खाडीची वाट लागू देतात. 2021 मध्ये पायनी पॉइंटच्या बंद खत कारखान्याच्या तळ्याला गळती लागली, फुटेल म्हणून सुमारे 81 कोटी लिटर पाणी टँपा बेमध्ये सोडलं, नायट्रोजन-फॉस्फरसने भरलेलं, आणि त्याच उन्हाळ्यात लाल शेवाळ माजून टनांनी मासे मेले. पाण्याखालचं गवत 2016 ला 41 हजार एकरांच्या वर होतं, 2022 ला 30 हजारांवर आलं. मोरी नाही पकडली पण तिचं पाळणाघरच गेलं तर काय उपयोग?

पाळणाघर राखता येतं, ते एका माशावरून सांगते. स्केट म्हणून एक मासा असतो, आपल्या वागळीची चुलत बहीण, पण वागळी पिल्लं घालते (कापताना तुम्हाला पोटात सापडायची ती) आणि स्केट अंडी, चार कोपऱ्यांना शिंगं असलेली चामड्यासारखी काळी पाकिटं. ती रिकामी होऊन बीचवर येतात, रेवाने डबाभर जमवलीत आणि घरभर वास सुटलाय. स्कॉटलंडमध्ये स्काय बेटाजवळ फ्लॅपर स्केटची अंडी तळाला तशीच पडून असतात, फुटायला साधारण दीड वर्ष लागतं, वरून जाळं ओढलं की संपलंच, म्हणून 2021 मध्ये तिथल्या सरकारने तो तुकडा घाईघाईने राखीव केला.

आता काम सांगते, आपल्या खाडीतही असं पाळणाघर आहे का ते बघायचंय. रापणीच्या जाळ्यात बारकी मोरी आली तर उलटी करून बघा, पुढच्या दोन पंखांच्या मधे, पोटावर, नाळेची फट असते. उघडी असेल तर जेमतेम काही दिवसांची, मिटत आली असेल तर काही आठवड्यांची. फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, देवबागच्या बाजूला की बंदराच्या, आणि पाणी किती होतं ते पण. जिवंत असेल तर सोडून द्या, आईने मसाला वाटून ठेवला असेल तरी. दादाला सांगा फोटो मलाच पाठव, ग्रुपवर टाकू नको, नाहीतर काका रेसिपी विचारत बसतील.

तुमची,
सुमी